अकरावी सायन्स आणि हातातलं काम, दोन्ही एकदम जमतं का? (बायफोकल / आयटीआय / डिप्लोमा)

वारणाकाठ

मंडळी, सल्ला हवाय. लेक यंदा दहावी झाली, ८६ टक्के. माझ्या धाकट्या भावाचं गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि शाळा सुटली की हिचा मुक्काम तिथेच. शेतीपंपाची जळालेली मोटर उघडली की कुठली कॉइल गेलीय ते काकाच्या आधी हीच सांगते. म्हणते, मला इलेक्ट्रिकलच शिकायचंय आणि फळ्यावर नाही शिकायचं, आयटीआयला घाला. बायको म्हणते, ८६ टक्के घेऊन आयटीआय? आधी बारावी सायन्स होऊ दे, मग काय ते. आणि मी मध्ये.

तालुक्याच्या कॉलेजात बायफोकलला (सायन्ससोबत घ्यायचा व्यवसाय विषय) इलेक्ट्रिकल मेंटेनन्स आहे. क्लार्क म्हणाला, "घेऊन टाका, स्कोअरिंग आहे." मी म्हटलं, मार्कांसाठी नकोय, तिला शिकायचंय. त्यावर त्याने मला असं बघितलं की जणू मी मेसमध्ये जाऊन पाककृती विचारली.

तर कॉलेजचा अभ्यास आणि हाताचं काम खरंच एकत्र होतं का, की दोन्ही अर्धवट राहतात? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. ज्यांनी फक्त मुलांना करायला लावलंय त्यांनीही सांगा.

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्या घरी पुढच्या वर्षी हाच तमाशा.

ता. क. काकांचं दुकान नेमकं कुठे? आमच्या बोअरची मोटर दर मार्चला जळते.

शाळामास्तर

ज्युनिअर कॉलेजात शिकवून निवृत्त झालोय, म्हणून आधी कोरडी माहिती.

बायफोकल म्हणजे २०० गुणांचा एक व्यवसाय विषय. १००-१०० चे दोन पेपर, प्रत्येकात निम्मे गुण लेखी आणि निम्मे प्रात्यक्षिकाला. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. म्हणजे इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि हा. बहुतेक जण बायोलॉजी सोडतात, मॅथ्स सोडून बायो ठेवणारेही असतात. कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग, जनरल सिव्हिल, क्रॉप सायन्स, मत्स्य असेही विषय आहेत. अर्थात प्रत्येक कॉलेजात सगळे नसतात.

इंजिनिअरिंगला यामुळे अडत नाही. प्रवेशाच्या पात्रतेत फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे, तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा टेक्निकल व्होकेशनल चालतो. पण सीईटीच्या पेपरात केमिस्ट्री असतेच, तेव्हा तिला रामराम ठोकायची घाई नको. बायो सोडलं तर मेडिकलचा रस्ता अवघड होतो, तेही घरात एकदा बोलून घ्या.

आणि एक गल्लत नेहमी होते. पूर्वीचं एमसीव्हीसी, आताचं एचएससी व्होकेशनल, हा वेगळाच प्रवाह आहे. त्यात फिजिक्स-केमिस्ट्री नसतं. क्लार्कने "व्होकेशनल" म्हटलं की नेमकं कोणतं ते विचारा.

माझं मत: बायफोकल घ्या. पण वर्कशॉप डोळ्यांनी बघून मगच.

उंटावरून

बायफोकलला २०० पैकी १९८, संस्कृतला १०० पैकी ९९. राष्ट्राची प्रगती नक्की कुठे अडलीय तेच कळत नाही.

(दिवे घ्या)

दगडफूल

मास्तर, तुमचं "वर्कशॉप बघून" हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी बायफोकल कॉम्प्युटर सायन्सवाली. कॉलेजचं नाव घेत नाही. ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे किट होते मोजके, त्यातली निम्मी मेलेली. एका किटवर सात-आठ जणी. एक जण आकडे दाबणार आणि बाकीच्या बघणार. ३ई दाबा, मग डेटा, मग ३२, पत्ता उलटा टाका, शेवटी ७६. हे मी मंत्रासारखं पाठ केलं होतं. ३ई म्हणजे ए रजिस्टरमध्ये आकडा भरणं, ३२ म्हणजे तो मेमरीत ठेवणं, ७६ म्हणजे थांब, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले, आमच्या सरांनी त्यांना चहा-पोहे दिले आणि सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी.

मार्क मिळाले, टक्केवारी वाढली, आईबाबा खूश. शिकले काय? काही नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे "दोन्ही एकदम" म्हणजे अभ्यासक्रमातला एक विषय मार्कांची बँक म्हणून वापरणं. लेकीला खरंच काम शिकायचं असेल तर बायफोकल हा रस्ता नाही.

खटपट्या

दगडफूल, तुमचा अनुभव खरा असेल, पण त्यावरून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

मी बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स केलं, साताऱ्याकडे. आमचे सर आधी एका कारखान्यात होते, तिथून मास्तरकीत आलेले. पहिल्या महिन्यात त्यांनी आम्हाला फक्त सोल्डरिंग करायला लावलं. जुन्या रेडिओंच्या पट्ट्यांवरून रेझिस्टर काढा आणि परत लावा. सांधा चकचकीत आणि शंकूसारखा दिसला पाहिजे. मळकट आणि गोळा झाला की "कोरडा सांधा" म्हणून ते नखाने उचकटायचे आणि परत करा म्हणायचे. त्या वेळी राग यायचा. पण नंतर फिजिक्सच्या पेपरात ट्रान्झिस्टर आला तेव्हा वर्गात आम्हीच असे होतो की ज्यांनी त्याचे तीन पाय हातात धरून बघितले होते.

म्हणजे सगळं शिक्षकावर. विषयाचं नाव बघू नका, शिकवतं कोण ते बघा.

दगडफूल

@खटपट्या, पण हेच तर म्हणतेय. शिक्षक चांगला असणं हा नशिबाचा भाग झाला. नशिबावर दोन वर्षं लावायची?

फिटर नाना

मी आयटीआयवाला. फिटर ट्रेड, दोन वर्षं. त्यावर कोणी नाक मुरडलं की मी मनातल्या मनात त्याच्या घराचं गेट कोणी बसवलंय ते विचारतो.

वारणाकाठ, तुमच्या घरात जो वाद आहे त्यात एक गोष्ट राहतेय. "आयटीआय की बारावी" हा वादच आता तितकासा उरलेला नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला आणि बोर्डाचे ठरलेले भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते. आठवीनंतर ट्रेड केलेल्यांना तशीच दहावीची. वायरमन, वेल्डर हे ट्रेड आठवी पासवरही होते, त्यातली कितीतरी पोरं अशी दहावी झाली. शिवाय दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मी याच जिन्याने वर गेलो, जरा उशिरा पोचलो एवढंच.

आता काम कसं शिकवतात ते सांगतो. पहिला जॉब: लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. घासायचं, गुण्या (ट्राय-स्क्वेअर) लावायचा, खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेड दिसला की परत शेगड्यात (व्हाइसमध्ये). असं आठवडेच्या आठवडे. हाताला फोड येतात. इन्स्ट्रक्टर काही बोलत नाहीत, नुसता जॉब उजेडात धरून परत देतात. हे काम अकरावीच्या आठवड्यातल्या काही तासांत कसं बसणार? कॉलेजची पोरं ट्राय-स्क्वेअरची व्याख्या लिहून जातात.

मुलीला पाठवायला घाबरू नका. मुलींसाठी जागा राखीव असतात, आणि इलेक्ट्रिशियनला हल्ली मुली बऱ्यापैकी दिसतात.

निळा गुलमोहर

नानांना अनुमोदन. फक्त एक भर: आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड झाला की अप्रेंटिसशिप करा, १९६१ च्या कायद्याने कंपन्यांना अप्रेंटिस घ्यावे लागतात आणि स्टायपेंड मिळतो. खरी नोकरी कशी असते ते तिथे कळतं. चांगलं आणि वाईट, दोन्ही.

सोनचाफा

आमच्या भाच्याने वेगळंच केलं. दिवसा आयटीआय आणि १७ नंबर फॉर्म भरून बारावी आर्ट्स, बाहेरून. दोन्ही पास झाला.

शाळामास्तर

@सोनचाफा, १७ नंबरचा फॉर्म हा खासगी विद्यार्थ्यासाठी असतो. भाच्याचं झालं ते छान, पण एकाच वेळी दोन ठिकाणी नियमित विद्यार्थी म्हणून हजेरी लागली तर पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत कोणीतरी बोट ठेवतं. असा बेत असेल तर आधी आयटीआयच्या प्राचार्यांना विचारून घ्या, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. नानांनी सांगितलेला समकक्षतेचा रस्ता जास्त स्वच्छ आहे.

उंटावरून

"तोंडी नको, लेखी घ्या" हे वाक्य महाराष्ट्राच्या राजमुद्रेवर कोरावं असं मी सुचवतो.

रानजाई

इथे सगळे कोणता कोर्स, कोणता फॉर्म यावर बोलताय. मला जरा वेगळं म्हणायचंय.

व्यवसाय शिक्षण हवं, हे आपण सगळे भाषणात म्हणतो. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या दरम्यान सांगितलं, १९८६ च्या धोरणात आलं, २०२० च्या धोरणात २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव द्यायचा असं लिहिलं, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना. छान. पण प्रत्यक्षात कोणाच्या मुलांना? मी ज्या शाळेत शिकवते तिथे नववी-दहावीला एनएसक्यूएफचे (राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातले व्यवसाय) विषय आहेत. पालकसभेत शिक्षक, डॉक्टर, बँकवाले पालक विचारतात, "याऐवजी संस्कृत मिळेल ना?" आणि ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या, गवंडीकाम करणाऱ्यांच्या पोरांना कोणी काही न विचारताच ऑटोमोटिव्ह किंवा ब्यूटी अँड वेलनेस मिळतं. कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल मार्कांसाठी आपल्या मुलांना, आणि पाना-पक्कड दुसऱ्यांच्या मुलांना. ज्या घरात बापाच्या हातात आधीच करवत आहे, त्याला "हाताने काम शिक" हे सांगायचं आणि ज्याच्या हातात नाही त्याला सूट द्यायची, हा काय न्याय?

म्हणून वारणाकाठ यांचा धागा वाचून मला बरं वाटलं. बँकेत असलेल्या (तुम्ही बँकेत आहात असं एका जुन्या धाग्यात वाचलंय) माणसाची मुलगी स्वतः मागतेय.

चकलीची सोऱ्या

रानजाई, पूर्ण सहमत नाही. गवंडीकाम करणारा बाप आपल्या मुलाला सायन्सला का पाठवतो? कारण त्याला माहीत आहे की आपल्या कामाला मान नाही आणि पैसाही नाही. तुम्ही म्हणता बँकवाल्यांनी पाना धरावा. आधी पाना धरणाऱ्याला नीट पगार आणि सुरक्षा द्या, मग बँकवाले आपोआप येतील.

रानजाई

@चकलीची सोऱ्या, मी कुठे नाही म्हटलं? पण पगार वाढेपर्यंत शाळेत कोणाला काय मिळतं हा प्रश्न थांबत नाही.

पोहेपुराण

आमच्याकडे आठवी ते दहावी टेक्निकल होतं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सायकली काढून टेक्निकल सेंटरला जायचो, दोन-तीन शाळांची पोरं एकत्र. सुतारकाम, फिटिंग, शीट मेटल, ड्रॉइंग. माझा पत्र्याचा डबा आजही आईच्या देवघरात वातींसाठी आहे, कडा जरा वाकड्या.

त्या दिवशी खाकी एप्रन घालून बाहेर पडायचो तर बाकीच्या तुकड्या आम्हाला "गॅरेज" म्हणायच्या. डिप्लोमाला जाताना टेक्निकलवाल्यांना वेगळ्या जागा असायच्या, तेव्हा तीच पोरं विचारायला आली, काय रे, कसं असतं ते.

खटपट्या

शालेय पातळीवर मला पाबळचं काम सगळ्यात आवडतं. शिरूर तालुक्यातलं विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे गेले. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम कितीतरी शाळांत पोचला: आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताचं काम. इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य. मुलं एकाच वर्षात वेल्डिंग करतात, पिकाला पाणी लावतात, रक्तगट तपासतात, आणि गावातल्या कोणासाठी तरी खरं काम करून त्याचे पैसेही घेतात. शाळेने केलेल्या कामाचा हिशेब मुलं ठेवतात. हल्लीच्या एनएसक्यूएफमधला "मल्टी स्किल" विषय याच वळणाचा आहे.

माझ्या मते हे आठवी-नववीतच झालं पाहिजे. अकरावीला प्रवेशाची लढाई सुरू झाली की कानस हातात धरायला वेळ कोणाला?

शेवंती

पाबळवरून आठवलं, हे सगळं कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधीच केलं होतं की. कमवा आणि शिका! रयतची पोरं रस्त्यावर खडी फोडून शिकली.

पोहेपुराण

शेवंतीताई, रयतबद्दल आदर आहेच (आमचे आजोबा त्यातले), पण कमवा-शिका वेगळं. तिथे काम फीसाठी होतं, काम हाच अभ्यासक्रम नव्हता. वर्ध्याची नई तालीम, १९३७ ची, ती या धाग्याच्या जास्त जवळची. सूत कातता कातता गणित आणि भूगोल शिकवायचा, अशी कल्पना.

उंटावरून

मुख्य विषय: मोटर रिवाइंडिंग. आत्ताचा मुक्काम: सेवाग्राम. पुढचं स्टेशन: तक्षशिला. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं.

स्टुटगार्टकर

सध्याचा मुक्काम जर्मनी, म्हणून चोंबडेपणा करतो.

इथे त्याला आउसबिल्डुंग म्हणतात, दुहेरी पद्धत. मुलगा कंपनीशी करार करतो, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. मेकाट्रॉनिक्सचा कोर्स साडेतीन वर्षांचा. पगार मिळतो, दरवर्षी वाढतो. असे तीनशेहून जास्त मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत, बेकरीपासून विमान दुरुस्तीपर्यंत. शाळेत काय शिकवायचं हे सरकार ठरवतं, पण परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं. त्यामुळे चहा-पोहे देऊन पैकीच्या पैकी असा प्रकार जमत नाही. कारण ज्या लोकांना तो माणूस कामाला घ्यायचाय, तेच तपासतात. (दगडफूल, तुमच्या परीक्षकांना नमस्कार.)

पण फार हुरळून जाऊ नका. इथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते, दहाव्या वर्षी. माझ्या शेजारी तुर्की कुटुंब आहे, त्यांच्या मुलाला गुण चांगले असूनही शिक्षकांनी खालच्या शाळेची शिफारस केली म्हणून त्यांनी केवढा आटापिटा केला. रानजाई जे म्हणतात ते इथेही आहे, फक्त शिस्तीत.

आणि ज्यांना जर्मनीचं आकर्षण आहे त्यांच्यासाठी: २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात इलेक्ट्रिशियनही आहेत. पण जर्मन भाषा आल्याशिवाय काही खरं नाही. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी भाषेचा क्लास लावला तर वेळ वाया जाणार नाही.

मांडवीकिनारी

आमच्या गोव्यात हायर सेकंडरीत आर्ट्स, कॉमर्स, सायन्स यांच्या जोडीला व्होकेशनल हा चौथा प्रवाह आहेच, आणि हायस्कूललाही व्यवसाय विषय असतात. पण पालकांची मानसिकता तुमच्यासारखीच हो. माझी मावशी म्हणते, "व्होकेशनल म्हणजे नापास झालेल्यांचं." तिचा स्वतःचा मुलगा एसी दुरुस्ती करतो आणि मे महिन्यात त्याची वेळ मिळवण्यासाठी तिलाच वशिला लागतो.

चहाबाज

माझा रुमाल अजून जागेवर आहे. पण एक प्रश्न कोणी विचारत नाहीये. जेईई-सीईटीचे क्लास? आमच्या भागात सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज. नुसती नावापुरती हजेरी देणारी कॉलेजं आहेत ती याच्यासाठीच. अशात बायफोकलचं प्रात्यक्षिक कुठे बसवणार?

खटपट्या

@चहाबाज, नाहीच बसत. एवढं सरळ उत्तर आहे. क्लासच्या रगाड्यात असणाऱ्याने बायफोकल मार्कांसाठीच घ्यावं आणि शिकल्याचं सोंग करू नये. ज्याला शिकायचंय त्याने क्लासचा रगाडा सोडावा. तिसरा पर्याय असतो असं मला सांगणारे बरेच भेटले, करून दाखवलेला एकही नाही.

फिटर नाना

खटपट्याभाऊ, लाख बोललात.

सोनचाफा

आणि मुलीचं मत? सगळे मिळून तिचं लग्न ठरवल्यासारखं बोलतोय आपण.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं. मध्ये गायब होतो, कारण मास्तरांचं ऐकून दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. लेकीला घेऊनच गेलो, सोनचाफाताई.

आधी कॉलेज. बायफोकलची खोली कुलूपबंद. किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. तास-दीड तासाने सर आले, स्वभावाने चांगले वाटले. आत लाकडी बोर्डांवर केलेली वायरिंग भिंतीला ओळीने टांगलेली, प्रत्येकावर जुन्या मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या. लेकीने एक बोर्ड खाली घेतला, जिन्याच्या दिव्याचा, म्हणजे खालूनही चालू-बंद आणि वरूनही. तिने मागची बाजू बघितली आणि सरांना म्हणाली, "यात एका टू-वे स्विचच्या कॉमनला जी वायर यायला पाहिजे ती बाजूच्या टर्मिनलला आलीय. वरचं बटण एका बाजूला असलं की खालून लागणारच नाही." सरांनी बघितलं, हसले, म्हणाले, "बरोबर आहे. हा बोर्ड लावून कोणी बघतच नाही, वीज इथे नसतेच बहुतेक वेळा." त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की सामानाला पैसे मिळत नाहीत, त्यांचीही नेमणूक तासिका तत्त्वावर आहे.

मग आयटीआय. तिथे वर्कशॉप चालू होतं. मुलं मोटरवर काम करत होती, वार्निशचा वास, म्हणजे आमच्या भावाच्या दुकानातलाच. दोन मुली होत्या, त्यातली एक मेगर लावून इन्सुलेशन तपासत होती. लेक तिच्याशीच बोलत बसली, मला बाहेर उभं केलं. नंतर कळलं की बोलणं अभ्यासाचं कमी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं, परतीच्या एसटीचं जास्त झालं. एसटी सव्वापाचला आहे, ती चुकली तर पुढची सातला. सामान सगळंच नवं नव्हतं, काही मशीन माझ्या वयाची असतील. पण चालत होती.

बायकोला फिटर नानांचा समकक्षतेचा आणि थेट दुसऱ्या वर्षाचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे डिग्रीचं दार बंद नाही?" नाही म्हटलं. "मग आधी का नाही सांगितलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही इथेच कळलं. इलेक्ट्रिशियनसाठी अर्ज भरलाय. अकरावीचाही भरून ठेवलाय, आईच्या समाधानासाठी.

दगडफूल

मस्त! तो वायरिंगचा किस्सा वाचून माझी ८०८५ ची किट डोळ्यांसमोर आली. मुलीला सांगा, इथे एक मावशी तिच्या पाठीशी आहे.

शाळामास्तर

अभिनंदन. दोन सूचना. प्रवेश मिळाला की समकक्षतेसाठी कोणते विषय, अर्ज कधी, हे पहिल्याच वर्षी आयटीआयमधून माहीत करून घ्या. शेवटच्या सत्रात धावपळ करणारे दरवर्षी बघितलेत. आणि गणित सोडू देऊ नका. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुलं वर्कशॉपमध्ये पुढे असतात आणि मॅथ्सला गटांगळ्या खातात. घरी रोज थोडं अकरावीचं मॅथ्स चालू ठेवा.

फिटर नाना

मास्तर म्हणतात ते शंभर टक्के. मॅथ्स थ्री ने माझा घाम काढला होता.

आणि वारणाकाठ, आयटीआयला जाताना बूट चांगले घ्या, जाड तळव्याचे. चप्पल-सँडलवर आत सोडत नाहीत, आणि सोडलं तरी घालू नये.

रानजाई

एसटी सव्वापाचची आणि स्वच्छतागृह. पालकसभेत आमच्याकडे मुलींच्या आया हेच दोन प्रश्न विचारतात, आणि धोरणाच्या कागदात हे दोनच सापडत नाहीत. सातची एसटी पकडावी लागली तर सोबत कोणी आहे का हे बघून ठेवा.

वारणाकाठ

@रानजाई, त्या दोघींपैकी एक आमच्याच रस्त्यावरची निघाली. दोघी एकत्र येतील. बूट घेतो नाना.

चहाबाज

सगळं छान झालं. पण काकांच्या दुकानाचा पत्ता अजून कोणी दिला नाही. मार्च जवळ येतोय.

वारणाकाठ

@चहाबाज, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मोटर दर मार्चला जळते म्हणजे बोअरचं पाणी खाली जातंय आणि मोटर कोरडी चालतेय, असं लेक म्हणतेय. ड्राय-रनचं संरक्षण बसवा, मग आमच्याकडे यायची गरज पडणार नाही. भाऊ मात्र तिच्यावर चिडलाय, गिऱ्हाईक घालवलंस म्हणून.

रत्नांग्रीची पोर

धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व. बायफोकलला मत्स्य विषय रत्नागिरीच्या आसपास सध्या कुठे सुरू आहे का? भावाला घ्यायचाय. मार्कांसाठी नाही, आमची स्वतःची होडी आहे.